गाऱ्हाण्यातली शेवटची ओळ

श्रीपाद नुसता कवी होता तोवर त्याच्यापासून कुणालाच काही त्रास नव्हता. आचऱ्याच्या अलीकडे, खाडीकडे पाठ करून बसलेल्या वाडीत त्याचं घर. तिथून जवळच्या हायस्कुलात तो मराठी शिकवायचा आणि चार-पाच वर्षं गेली की एक कवितासंग्रह काढायचा. असे तीन झाले. पहिला नातेवाइकांनी विकत घेतला, दुसरा त्यांना भेट द्यावा लागला आणि तिसऱ्याचे गठ्ठे माळ्यावर गेले, तिथे वाळवीने मात्र तो मनापासून वाचला. कविता वाईट नव्हत्या, पण त्यांत क्षितिज फार असायचं. ज्यांच्या दारासमोर रोजच समुद्र आणि आभाळ एक होतं त्यांना क्षितिजाचं काय एवढं कौतुक, हे श्रीपादला कळायला वयाची त्रेचाळीस वर्षं जावी लागली.

ते कळलं ते चष्म्यामुळे. सावंतवाडीला एक कविसंमेलन होतं. सभागृहात साठेक माणसं, त्यांतली निम्मी आपापल्या पाळीची वाट पाहणारे कवी आणि उरलेली चहाची. श्रीपादचं नाव पुकारलं, तो माइकसमोर गेला, वही उघडली, चष्म्याचं घर उघडलं, तर आत बायकोचा चष्मा. शर्मिष्ठाच्या आणि त्याच्या चष्म्याची घरं एकाच दुकानातून घेतलेली. तिचा चष्मा घालून पाहिला तर वहीतल्या ओळी मुंग्यांसारख्या इकडेतिकडे पळायला लागल्या. परत जाऊन बसावं तर फजिती, उभं राहावं तर तीच. पाठ होतं ते एकच. शिक्षकांच्या खोलीत गंमत म्हणून त्याने हेडमास्तरांच्या स्कूटरवर मालवणीत एक गाणं रचलं होतं आणि ते भजनाच्या चालीवर होतं. त्याने डोळे मिटले आणि ते गायला.

सभागृह जागं झालं. चहा आला तरी कुणी उठलं नाही. लोकांनी स्कूटर दुसऱ्यांदा म्हणायला लावली, आणि पुढच्या कवीने आपली 'संध्याछाया' खिशातच ठेवली.

आवाज म्हणाल तर गोड मुळीच नव्हता. आंबोलीच्या घाटात गाडी पहिल्या गिअरमध्ये चढते, तसा होता. पण गाडी वर पोचते याची खात्री वाटायची. शाळेतला चित्रकलेचा मास्तर जितेंद्र हा पंचक्रोशीतला नावाजलेला पेटीवाला. तो म्हणाला, तुम्ही गा, मी पेटी धरतो. दोघांनी आधी कुडाळ केलं, मग मालवण, मग गोवा, मग पुणं. कुणीतरी मोबाइलवर टाकलेली गाणी दुबईतल्या आणि मस्कतमधल्या खोल्यांतून वाजू लागली. सेहेचाळिसाव्या वर्षी श्रीपादने शाळेची नोकरी सोडली. ज्याचं पुस्तक कुणी फुकट घेत नव्हतं, त्याच्या गाण्यांसाठी माणसं रांगा लावत होती. खरं सांगायचं तर त्याला आयुष्यात पहिल्यांदा आपण कुणालातरी हवे आहोत असं वाटत होतं, आणि हे वाटणं त्याला इतकं गोड लागलं होतं की पहाटे उठल्यावर तो आधी गुणगुणून बघायचा, आवाज आहे ना जागेवर.

मुलाखतींत विचारायचे, या चाली कुठून येतात. तो म्हणायचा, मातीतून. हे उत्तर छापायला बरं होतं, पण खोटं होतं. चाली बाळाच्या होत्या.

बाळा त्याचा धाकटा भाऊ. आई-वडील लवकर गेले, तेव्हा थोरल्या अक्काने आणि श्रीपादने त्याला वाढवलं. अक्का लग्न होऊन इन्सुलीला गेली, हायवेच्या चेकपोस्टपासून हाकेच्या अंतरावर. मग घरात उरले दोघे भाऊ आणि पुढे शर्मिष्ठा. बाळा बारावीला दोनदा आपटलेला, पण भजनाच्या सामन्यात उभा राहिला की समोरच्या मंडळाची बारी गप्प व्हायची. उठता-बसता, विहिरीवर, पडवीत, त्याच्या तोंडात चाल असायची. श्रीपाद तेव्हा क्षितिजवाला कवी होता, ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. एका दुपारी जेवताना बाळा काहीतरी नवी चाल बसवत होता, आणि श्रीपादच्या तिसऱ्या संग्रहावर त्याच दिवशी वर्तमानपत्रात चार ओळींची थंड दखल आली होती. तो भडकला. रागावला की तो घरातही वर्गातली मराठी बोलायचा.

"हे गाणं नव्हे, हा गोंगाट आहे. यापुढे या घरात तोंड उघडायचं नाही," असं तो म्हणाला.

बाळाने ताटातला भात तसाच ठेवला, हात धुतला आणि गेला. संध्याकाळी येईल, उद्या येईल, गणपतीला येईल, असं करता करता सोळा वर्षं झाली. त्याचा बसायचा पाट शर्मिष्ठाने पुसून भिंतीला टेकवून ठेवला होता, तो तिथेच राहिला. श्रीपादने ओळखीच्यांकडे चौकशा केल्या, गोव्यात दोनदा जाऊन आला, पण पत्ता लागला नाही. अक्काला विचारलं की ती म्हणायची, असेल खंय तरी, सुखात असेल. हे म्हणताना ती नेहमी दुसरीकडे बघायची. श्रीपादला वाटायचं, बिचारी डोळ्यांतलं पाणी लपवते.

नोकरी सोडल्यावर पुढच्या वर्षी त्याने बाळावर गाणं लिहिलं आणि ते गाऱ्हाण्याच्या ढंगात लिहिलं. आपल्याकडे गावाच्या वतीने देवाशी बोलायचा मान एखाद्या घराण्याकडे असतो. त्यातला मानकरी देवासमोर उभा राहून एकेक ओळ मागणं घालतो आणि जमलेली माणसं प्रत्येक ओळीला होकार देतात. श्रीपादने तो होकार आपला आपणच देईन असं ठरवलं होतं. पण कुडाळच्या कार्यक्रमात हे गाणं पहिल्यांदा घेतलं तेव्हा त्याने "बा देवा" म्हणायचा अवकाश, समोरची माणसं आपोआप बोलू लागली. जन्मापासूनची सवय ती, तिकीट काढून खुर्चीवर बसलं म्हणून सुटते थोडीच.

*बा देवा रवळनाथा, आज तुझ्या दारार इलंय…*
व्हय महाराजा.
*ताटार बसलेलो भाव माझो उपाशी उठान गेलो…*
व्हय महाराजा.
*पाट तेचो भिंतीक टेकान वाट बघता…*
व्हय महाराजा.
*हाड तेका घराक, बसव पाटार…*
व्हय महाराजा.
*तुझ्या पायार गाणां ठेवतंय, परत तोंड उघडूचंय नाय…*
व्हय महाराजा.

शेवटची ओळ त्याने उगाच लिहिली नव्हती. भावाला जे सुनावलं तेच त्याने स्वतःच्या माथी मारलं होतं. लिहिली तेव्हा तो एकटाच पडवीत रडला होता. पण पुढे कार्यक्रम वाढले आणि ती ओळ टाळ्यांची झाली. हजार-दोन हजार माणसं एका दमात "व्हय महाराजा" म्हणायची, अंगावर काटा यायचा, आणि पहिल्या रांगेत बसलेली अक्का पदर तोंडाला लावून हुंदके द्यायची. तिचा तो फोटो एका दिवाळी अंकातही आला.

यंदा भात कापून झालं, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, आणि सोमवारी दुपारच्या एसटीतून बाळा उतरला. डोक्याचे केस विरळ, पोट सुटलेलं, हातात काजूची पिशवी. तो पडवीत उभा राहून म्हणाला, "दादा, इलंय."

 ज्याने भावाच्या विरहावर अख्खं गाणं लिहिलं, त्याला भावाला "ये" म्हणायला शर्मिष्ठाने कोपराने ढोसावं लागलं. मग मात्र त्याने बाळाला जी मिठी मारली ती सुटेना. शर्मिष्ठाने पाट भिंतीवरून काढला, पुसला, मांडला. बाळा बसला. सोळा वर्षांपूर्वी राहिलेला भात त्या दिवशी जेवून झाला. अक्का दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. तिने बाळाला पाहून ना हंबरडा फोडला ना काही, नुसती म्हणाली, "पोचलस बरो." श्रीपादला आनंदाच्या भरात त्याचं नवल वाटलं नाही.

सगळी वाडी लोटली. गाण्याने भाऊ आणला, रवळनाथाने हाकेला ओ दिली, हे घराघरांत झालं. बाळा ते ऐकायचा आणि आल्यागेल्याच्या हातावर काजू ठेवायचा. कुठे होतास विचारलं तर म्हणे, फिरत होतो, ट्रकवर आहे. एवढंच.

मंगळवारी संध्याकाळी गुरुप्रसाद आले. गाऱ्हाणं घालायचा मान यांच्या घराण्याचा. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून पस्तीस वर्षं काढलेला माणूस, त्यामुळे देवाशी बोलतानाही वेळापत्रक सांगितल्यासारखं स्वच्छ बोलायचे. बाळाच्या पाठीवरून हात फिरवला, दोन वाट्या खीर खाल्ली, पान लावलं आणि उठता उठता सहज विचारलं, "मगे श्रीपादा, गाणां कधी ठेवतंस पायार?"

श्रीपादला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो हसला. तो म्हणाला, ते गाणं आहे काका, काव्यात असं म्हणतात, ते शब्दशः घ्यायचं नसतं. गुरुप्रसादांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की तू लिहिलंस तेव्हा ते काव्य होतं हे मान्य. पण तू देवाचं नाव घेऊन गाऱ्हाणं घातलंस. कुडाळात घातलंस, मालवणात घातलंस, पुण्यातही घातलंस. "एवढ्या माणसांनी व्हय म्हटल्यार देव काय नाय म्हणतलो? तेना भाव हाडल्यान. आता तुझी पाळी." येत्या रविवारी मालवणला कार्यक्रम होता. तोवर गाऊ नकोस, गुरुवारी कौल लावून देवाला विचारू, असं ठरवून ते निघून गेले.

श्रीपाद वर्गात पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावणारा मास्तर. त्या रात्री जेवताना तो बराच वेळ तावातावाने बोलला, की नवस म्हणजे काय, शब्द म्हणजे काय, प्रतिमा म्हणजे काय. शर्मिष्ठाने सगळं ऐकलं आणि भांडी उचलता उचलता म्हणाली, "तुमी मानतात काय नाय, ह्यो प्रश्नच नाय. तुमी सांगलात."  खरं हे होतं, की ती ओळ लिहिताना तो प्रतिमा वगैरे करत नव्हता. तो देवाशी बोलत होता, आणि हे त्याचं त्यालाच पक्कं ठाऊक होतं.

गुरुवारपर्यंतचा वेळ वाईट गेला. पहाटे उठून गुणगुणायची सवय, ओठ मिटून धरावे लागले. न्हाणीत पाणी अंगावर पडलं की चाल यायची, ती गिळावी लागायची. जितेंद्र बुधवारी पेटी घेऊन आला, ती न उघडताच समोर ठेवून बसला, चहा प्यायला आणि पेटी उचलून गेला. श्रीपादला भीती वाटत होती. परत माळ्यावरच्या गठ्ठ्यांत जाऊन पडण्याची भीती. एकोणपन्नासाव्या वर्षी कुणी शाळेत परत घेणार नव्हतं, हे तर होतंच, पण ते दुय्यम. सहा वर्षं ज्याचं सगळे ऐकतात असा माणूस होऊन झाल्यावर, आता कुणीच ऐकत नाही असा माणूस व्हायचं कसं?

आणि त्याहून वाईट होती ती लाज. भाऊ घरात होता, पडवीत बसून शर्मिष्ठाला नारळ सोलून देत होता. ज्याच्यासाठी सोळा वर्षं जीव टांगणीला, तो हाताच्या अंतरावर. आणि त्याच्याकडे बघताना मनात एक चोरटा विचार यायचा, की हा रविवारनंतर आला असता तर. तो विचार आला की श्रीपादला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटायचं.

बुधवारी तिन्हीसांजेला त्याने मनाशी ठरवलं. देवाने सोड म्हटलं तर सोडायचं. भावाची किंमत गाण्यापेक्षा जास्त आहे, हे एकदा तरी कृतीने सांगायला हवं. ठरवल्यावर जरा बरं वाटलं, आणि मग त्याने तुळशीपाशी बसून पोटभर रडून घेतलं. बाळाने हे खिडकीतून पाहिलं. अक्काने बाळाला पाहताना पाहिलं. 

गुरुवारी सकाळी वाडीतलं एक माणूस घरी राहिलं नव्हतं, सगळी देवळात. रवळनाथाच्या काळ्या पाषाणावर गुरवाने ओल्या पाकळ्या दोन्ही अंगांनी चिकटवल्या. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. वाऱ्याचा वहीम नको म्हणून गुरुप्रसादांनी सभामंडपातले पंखे बंद करायला लावले. श्रीपाद पुढे हात जोडून उभा राहिला. त्याच्या उजव्या हाताला बाळा, मागे शर्मिष्ठा आणि अक्का, आणि खांबाला टेकून जितेंद्र.

गुरुप्रसादांनी घसा खाकरला.

"बा देवा रवळनाथा…"

"व्हय महाराजा."

"आज तुझी लेकरां तुझ्या दारार जमली आसत…"

"व्हय महाराजा."

"ह्या श्रीपादान तुका गाऱ्हाणां घातल्यान, माझो भाव हरवलो आसा, तेका हाड…"

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले. आणि त्या सगळ्यांच्या मागून, अर्धा क्षण उशिरा, एक बाईचा आवाज आला.

"नाय महाराजा."

गाऱ्हाण्यात "नाय" म्हणत नाहीत. कुणी म्हटल्याचं त्या देवळात कुणाला आठवत नव्हतं, गुरुप्रसादांच्या आज्यालाही आठवलं नसतं. सगळ्या माना मागे वळल्या. अक्का खांबाला धरून उभी होती, आणि डोळे देवाकडे होते.

"हरवलेलो नव्हतो ह्यो," ती म्हणाली. "अकरा वर्सां माझ्याकडे जेवता. इन्सुलीच्या चेकपोस्टार ट्रक लागलो की माझ्या घराक येता, पाटार बसता, कढी-भात खाता आणि जाता. ह्येना माका आवशीची शपथ घातल्यान, दादाक सांगा नको म्हणान. मी सांगूक नाय. पण देवासमोर व्हय म्हणूक माझी जीभ वळणा नाय."

 श्रीपादच्या डोळ्यांसमोर पहिली रांग आली, तोंडाला पदर लावलेली अक्का आली, दिवाळी अंकातला फोटो आला. दोन वर्षं तो ज्या अश्रूंवर आवाज चढवत होता, ते भावासाठी नव्हते. लाडक्या भावाला आदल्याच दिवशी वाढून लपवलेल्या सुरमईच्या तुकड्याच्या अपराधाचे होते.

तो बाळाकडे वळला. बाळाने मान खाली घातली होती.

"गाणां आयकान तरी इलस मा?" श्रीपादने विचारलं. स्वतःलाच ते फार लहान मुलाने विचारल्यासारखं वाटलं.

बाळाने मान हलवली. देवासमोर उभं राहून खोटं बोलायची त्याचीही छाती नव्हती. "गाणां आयकलंय रे. चायच्या टपरेर, पंपार, दुसऱ्या डायवरांच्या मोबायलार. पण तां आयकान मी येवक नाय. तेच्या आधीच मी येवचो होतंय, अक्काक विचार. बॅग भरलेली. आणि मगे तुझा गाणां इला. सगळो मुलूख माझ्या नावान रडाक लागलो. मगे मी कसो येवचो? काजीची पिशवी घेवन, इलंय म्हणान सांगूचा? माका लाज वाटली. त्या गाण्यापायी मी आणखी दोन वर्सां लांब रवलंय."

"मगे आता कसो इलस?"

"अक्कान जेवण बंद केल्यान. म्हणाली, आता भात तुझ्या घराक जावन खा."

पहिल्यांदा कोण हसलं ते नंतर कुणालाच सांगता आलं नाही. बहुतेक जितेंद्र असावा. मग बायका हसल्या, मग गुरव, मग सगळं देऊळच. श्रीपाद मात्र हसत नव्हता. आपल्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं गाणं, ज्याने भाऊ आणला असं तो तीन दिवस मनातल्या मनात मिरवत होता, त्यानेच भावाला दारातून परत पाठवलं होतं. हे त्याला लागलं, चांगलंच लागलं. पण त्याच वेळी छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलायला घेतलाय असंही वाटत होतं.

गुरुप्रसादांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. पस्तीस वर्षांत त्यांनी बिघडलेल्या खूप गाड्या मार्गाला लावल्या होत्या. ते म्हणाले, "हरवलोच नाय, तर देवान हाडल्यान खंयसून? पण माझ्या तोंडान नको. देवाकच विचारूया." गुरवाकडून त्यांनी पाकळ्या नव्याने लावून घेतल्या आणि गाऱ्हाणं पहिल्यापासून घातलं.

"बा देवा रवळनाथा…"

"व्हय महाराजा."

"ह्या लेकरान तुका जां सांगल्यान, तां चुकीच्या खबरेर सांगल्यान…"

"व्हय महाराजा." या वेळी अक्काचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"तेचो भाव अक्काच्या पाटार बसलेलो, आणि ह्यो गावभर हाका मारी होतो…"

"व्हय महाराजा."

"ह्या बोलातसून तेका मोकळो करूचो असात, तर उजवो कौल दी…"

"व्हय महाराजा."

सगळे बघत राहिले. पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. बाहेर एक कावळा ओरडला आणि थांबला. श्रीपादला वाटलं, देवही विचार करतोय, याच्या गळ्यातून आणखी किती वर्षं ऐकून घ्यायचं. शर्मिष्ठाने मागून त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं होतं. ते तिने इतकं घट्ट धरलं होतं की त्याला तेव्हा कळलं, आपल्या गाण्याची हिलाही आपल्याइतकीच काळजी आहे, फक्त ती बोलली नव्हती.

उजवीकडची पाकळी हळूच सुटली आणि खाली पडली.

श्रीपाद गुडघ्यांवरच बसला. कपाळ फरशीला टेकलं तेव्हा ती गार लागली आणि त्याला हसू यायला लागलं, आवरेना. सुटलो, सुटलो, एवढा एकच शब्द डोक्यात फिरत होता. गुरुप्रसादांनी अंगारा लावला आणि कानाशी तोंड नेऊन सांगितलं, की रविवारी खुशाल गा, पण शेवटची ओळ काढ. देवाकडे मागायचं ते माग, द्यायचं काय ते आधी घरात विचारून ठरव. श्रीपादने मान डोलावली. एवढी मोलाची सूचना त्याला आजवर कुठल्या समीक्षकाने केली नव्हती.

घरी आल्यावर अक्काने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. तीन दिवसांत ती पहिल्यांदा मोकळेपणी आवाज चढवून बोलत होती, आणि बोलत कसली, बाळाला शिव्या घालत होती. अकरा वर्षांचं साठलेलं, दुपारपर्यंत पुरलं. पाट मांडले गेले. बाळाचा, श्रीपादचा आणि जेवायलाच थांबलेल्या जितेंद्रचा. पेटी जितेंद्रने येताना बरोबर आणली होती, ती भिंतीशी ठेवली होती, जिथे इतकी वर्षं पाट टेकलेला असायचा तिथे.

भात कालवता कालवता बाळा म्हणाला, "दादा, रागावा नको. त्या गाण्याची चाल माझी."

"ठावक आसा," श्रीपाद म्हणाला.

"तिसऱ्या ओळीक तू खाली उतरतंस. तां चुकता. थंय वर जावक व्हया. मी टपरेर आयकतंय तेव्हा दर खेपेक माझो जीव वर-खाली होता."

जितेंद्र चावायचा थांबला. गेल्या सहा वर्षांत श्रीपादला त्याच्या गाण्यात चूक दाखवायची कुणाची छाती झाली नव्हती. शर्मिष्ठाचा वाढायचा हात अधांतरी थांबला. याच घरात, याच वेळेला, अशाच जेवणावर काय झालं होतं ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

श्रीपादने हातातला घास ताटात ठेवला. सोळा वर्षं तो एका वाक्याची माफी मागायची वाट शोधत होता, त्यासाठी त्याने गाणं लिहिलं, गाव गाव गाऊन फिरला, देवाला मधे घातलं. आणि माफी मागायचा माणूस समोर भात कालवत बसला होता, बोटांवर कढी घेऊन.

"त्या दिवशी मी तुका नको तां बोललंय," तो म्हणाला. "तू गा. मी आयकतंय."

बाळाने त्याच्याकडे पाहिलं. मग अक्काकडे. अक्का पदर तोंडाला लावून उभी होती, पण या वेळी खरंच. बाळाने ताटातला भात आधी शेवटच्या शितापर्यंत संपवला, हात धुतला आणि पाटावर परत येऊन बसला. जितेंद्रने घाईघाईने बोटं पुसून पेटी ओढली.

आवाज पूर्वीचा राहिला नव्हता, ट्रकची धूळ त्यात होती. पण तिसरी ओळ आली आणि ती वर गेली, जिथे जायला हवी होती तिथे, आणि श्रीपादला वाटलं, अरे, असं होतं होय हे. शर्मिष्ठा उंबऱ्यावर बसली. शेजारपाजारची माणसं पडवीत येऊन उभी राहिली. बाळा एक झालं की दुसरं गात होता, लोक माना डोलावत होते, मधूनच कुणीतरी श्रीपादकडे बघत होतं की हा कधी सूर धरतो.

उन्हं कलेपर्यंत बाळा गात राहिला. नवस सुटला होता, देवाने मोकळं केलं होतं, कुणाची बंदी नव्हती, आणि तरी त्या सगळ्या दुपारभर श्रीपादने तोंड उघडलं नाही.